शालेय ग्रंथतालिका आणि घरची भाषा

रायपूर शहराचा तेलीबांधा हा भाग तिथल्या तलावामुळे ओळखला जातो. जी. ई. रोडला लागून असलेल्या या तलावाचा काठ अलीकडे बांधून काढण्यात आला असून शहरवासीयांनी त्याला ‘मरीन ड्राइव्ह’ असे हौसेचे नाव दिले आहे. या परिसरातील एखाद्या शाळेत सातवीच्या मुलांना गावातील जलाशयांवर प्रकल्प करायला सांगितला आहे, असे धरून चालू. ज्याच्या घरी छत्तीसगढी बोलतात तो मुलगा तळ्याला ‘तरिया’ म्हणतो. मराठी घरातली मुलगी ‘तलाव’ म्हणते, हिंदीभाषक ‘तालाब’ म्हणतो, आणि शाळेच्या ग्रंथालयातील संगणकावर विषय नोंदवलेला असतो तो इंग्रजीत, ‘पाँड्स’. अनुपम मिश्र यांचे ‘आज भी खरे हैं तालाब’ हे १९९३ साली प्रसिद्ध झालेले आणि अनेक भारतीय भाषांत अनुवादित झालेले पुस्तक त्याच ग्रंथालयाच्या कपाटात असू शकेल. तरीही या तिघांनाही, आपापला शब्द टंकित केल्यावर, ‘काही आढळले नाही’ असेच उत्तर मिळण्याची शक्यता आहे. पुस्तक असूनही नसल्यासारखे होण्याचा हा प्रकार जगभरच्या बहुभाषिक शाळांमध्ये आढळतो. त्यावरचे उपाय ही ग्रंथालयशास्त्राची एक महत्त्वाची, पण सामान्य वाचकाला सहसा अपरिचित अशी शाखा आहे.

प्रथम ग्रंथतालिका म्हणजे काय ते पाहू. ग्रंथसूची आणि ग्रंथतालिका या दोन संज्ञा बोलण्यात एकमेकींच्या जागी वापरल्या जातात; परंतु शास्त्रदृष्ट्या त्यांत भेद आहे. एखाद्या विषयावर, भाषेत वा कालखंडात कोणते ग्रंथ निर्माण झाले हे ग्रंथसूची सांगते. ग्रंथतालिका मात्र एका विशिष्ट ग्रंथालयात कोणते ग्रंथ आहेत आणि ते कोठे ठेवले आहेत हे सांगते. अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स अमी कटर याने १८७६ साली तालिकेची उद्दिष्टे नेमक्या शब्दांत मांडली. लेखक, शीर्षक किंवा विषय यांपैकी एक गोष्ट ठाऊक असलेल्या वाचकाला हवे ते पुस्तक सापडावे, आणि एका लेखकाची वा एका विषयावरची ग्रंथालयातील सर्व पुस्तके त्याला एकत्र दिसावीत, असा त्यांचा आशय आहे. त्याच वर्षी मेल्विल ड्यूई याने दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. ही दोन्ही कामे मुख्यतः एका भाषेचा वाचक समोर ठेवून झाली होती. वाचकाला विषय ठाऊक असेल, पण त्या विषयाचे तालिकेतील नाव ठाऊक नसेल तर काय, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांसाठी शिल्लक राहिला.

वर्गीकरणातही भाषांना सारखी जागा मिळालेली नाही. ड्यूईच्या पद्धतीत साहित्याला ८०० ते ८९९ हे अंक आहेत. त्यांत अमेरिकन, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन व ग्रीक साहित्यांना दहा-दहा अंकांची स्वतंत्र दालने मिळाली आणि जगातील उरलेली सर्व साहित्ये ८९० या एका दालनात बसवण्यात आली. स्पॅनिश साहित्य ८६० वर आहे, तर मराठी साहित्य ८९१.४६ वर. मराठी कादंबरीचा वर्गांक ८९१.४६३ आणि हिंदी कादंबरीचा ८९१.४३३. पुस्तकाच्या पाठकण्यावरील बोटभर चिठ्ठीवर हे दोन अंक छापलेले असले की फरक फक्त एका आकड्याचा दिसतो, आणि सुट्टीनंतर पुस्तके परत लावणाऱ्या मुलांच्या हातून दोन्ही भाषांच्या कादंबऱ्यांची सरमिसळ होते. स्थानिक साहित्याला अग्रस्थान व आखूड अंक देण्याची पर्यायी सोय ड्यूईच्या पद्धतीतच आहे. तिचा लाभ आपल्याकडील शाळांनी अवश्य घ्यावा.

परभाषेच्या तालिकेत आपली वाट शोधणाऱ्या विद्यार्थ्यांचा सर्वांत विस्ताराने विचार झाला तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्पॅनिशभाषक मुलांच्या बाबतीत. मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा आदी प्रदेशांतून आलेल्या कुटुंबांची मुले इंग्रजी शाळांत शिकत होती. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात १९२१ साली रुजू झालेल्या पुरा बेलप्रे या पोर्तो रिकन ग्रंथपाल स्त्रीने मुलांसाठी स्पॅनिशमधून कथाकथन सुरू केले, तेव्हा ग्रंथालयाशी काडीचा संबंध नसलेली कुटुंबे आत येऊ लागली. पुढे १९६८ साली द्विभाषिक शिक्षणाचा कायदा झाला आणि १९७१ साली स्पॅनिशभाषकांच्या ग्रंथालयसेवेसाठी ‘रिफॉर्मा’ ही संघटना स्थापन झाली. शाळांत स्पॅनिश पुस्तके येऊ लागली. अडचण होती ती तालिकेची. पुस्तक स्पॅनिशमध्ये असले तरी त्याचा विषय इंग्रजीतच नोंदवला जाई. कुत्र्यांवरचे स्पॅनिश पुस्तक ‘डॉग्ज’ या शीर्षकाखाली जाई आणि ‘पेर्रोस’ हा आपला शब्द घेऊन आलेले मूल रिकाम्या हाताने परते.

या अडचणीवर द्विभाषिक विषयशीर्षकांच्या याद्या हा उपाय निघाला. विषयशीर्षक म्हणजे एका विषयासाठी तालिकेत सर्वत्र वापरायचा ठरलेला शब्द. त्या विषयाची बाकीची नावे ‘पाहा’ अशा निर्देशाने त्या ठरलेल्या शब्दाकडे वळवली जातात. कार्मेन रोविरा व होर्हे आग्वायो यांनी संकलित केलेली स्पॅनिश विषयशीर्षकांची यादी १९६७ साली पॅन अमेरिकन युनियनने प्रसिद्ध केली. १९८४ साली कॅलिफोर्नियात ‘बिलिंडेक्स’ ही यादी निघाली. तिच्यात वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या इंग्रजी विषयशीर्षकांना समांतर स्पॅनिश शीर्षके दिली होती. मिनी अर्ल सीअर्स या विदुषीने लहान ग्रंथालयांसाठी १९२३ साली तयार केलेली विषययादी शालेय ग्रंथालयांत फार वापरली जाते; तिचीही स्पॅनिश आवृत्ती २००८ साली आली. अशा याद्यांमुळे एकाच पुस्तकाला दोन भाषांतील विषयशीर्षके जोडता येऊ लागली आणि मुलाने कोणत्याही भाषेतून शोधले तरी ते एकाच नोंदीपाशी पोहोचू लागले.

तरीही काम संपले नव्हते, कारण स्पॅनिश ही एकजिनसी भाषा नाही. बसगाडीला स्पेनमध्ये ‘आउतोबुस’, मेक्सिकोत ‘कामिओन’, क्युबा व पोर्तो रिकोत ‘ग्वाग्वा’ आणि अर्जेंटिनात ‘कोलेक्तिव्हो’ म्हणतात. त्यांतील एक शब्द प्रमाण मानून बाकीचे निर्देश म्हणून ठेवावे लागले. वर्णक्रमाचाही घोळ होता. ‘च’ आणि ‘ल्य’ या उच्चारांची जोडाक्षरे स्पॅनिश कोशांत स्वतंत्र अक्षरे मानली जात. १९९४ साली स्पॅनिश भाषा-अकादमींच्या संघाने ती प्रथा वर्णक्रमापुरती बंद केली, तोवर जुन्या कोशात आणि इंग्रजी तालिकेत एकच शब्द वेगवेगळ्या ठिकाणी सापडे. आडनावांची अडचण तर मराठी वाचकाला लगेच उमगेल. स्पॅनिश माणसाला वडिलांकडचे व आईकडचे अशी दोन आडनावे असतात आणि नोंद पहिल्या आडनावाखाली होते. गाब्रिएल गार्सिया मार्केस हा लेखक म्हणून ‘ग’मध्ये असतो; त्याला ‘म’मध्ये शोधणाऱ्यासाठी ‘मार्केस, पाहा गार्सिया मार्केस’ असा निर्देश तेथे ठेवावा लागतो. एवढे लहान काम, पण ते न केल्याने किती वाचक परत गेले असतील याची मोजदाद कुठेच होत नाही, कारण न सापडलेल्या पुस्तकाची नोंद कोणी ठेवत नाही.

भारतात या विषयाचा प्रारंभ झाला तो एका मराठी राजाच्या गुजरातीभाषक राज्यात, आणि ही गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावचा. त्यांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत वाचायला शिकलेले मूल पुस्तकाअभावी पुन्हा निरक्षर होऊ नये म्हणून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे उभारायचे ठरवले आणि १९१० साली अमेरिकेतील न्यू हेवनहून विल्यम अॅलनसन बॉर्डन या ग्रंथपालाला पाचारण केले. तीन वर्षांत बॉर्डनने मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग, मुलांचे दालन आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या नेणारी फिरती ग्रंथालये यांची घडी बसवली. राज्याची प्रजा गुजराती, दरबार मराठी आणि उच्च व्यवहार इंग्रजीत होता. १९१२ साली सुरू झालेले ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक म्हणूनच इंग्रजी, गुजराती व मराठी या तिन्ही भाषांत निघे. पुढे ग्रंथालयविभागाचे प्रमुख झालेले जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी या चळवळीचा इतिहास १९१९ साली इंग्रजीतून लिहून ठेवला. वाचकाची भाषा हा सोयीचा नव्हे तर धोरणाचा प्रश्न आहे, हे बडोद्याने इतक्या लवकर ओळखले होते.

शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, या अर्थाचे त्यांतील तीन नियम तर जणू बहुभाषिक तालिकेसाठीच केलेले वाटतात. मराठीपुरते पाहिले तर शंकर गणेश दाते यांचे नाव घ्यावे लागते. १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित ग्रंथांची विषयवार मांडलेली ‘मराठी ग्रंथसूची’ त्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केली आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा खंड १९६१ साली आणला. सरकारी पाठबळाच्या अनेक माणसांनी मिळून करावे असे काम एका माणसाने ग्रंथालये धुंडाळून केले. महाराष्ट्राबाहेरील एखाद्या शाळेला जुन्या मराठी पुस्तकाचे खरे शीर्षक, लेखक व साल तपासायचे असेल तर आजही दात्यांच्या सूचीइतका भरवशाचा आधार क्वचितच मिळतो.

राष्ट्रीय पातळीवर १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार प्रकाशकांनी आपली पुस्तके राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवणे बंधनकारक झाले आणि त्यांवरून ‘भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची’ निघू लागली. सर्व भारतीय भाषांची पुस्तके एका क्रमात लावायची तर एकच लिपी हवी, म्हणून तिच्यासाठी रोमन लिपी निवडण्यात आली. अखिल भारतीय कामासाठी तो निर्णय समजण्यासारखा होता. पण तीच रोमन लिपी पुढे खालच्या पातळीवर, गावच्या शाळेच्या संगणकापर्यंत उतरली, आणि तेथे तिने सोय कमी आणि गैरसोय अधिक केली, असे माझे मत आहे.

कारण रोमन लिपीत मराठी शब्दाचे एकच रूप ठरत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ‘श्यामची आई’ घ्या. ‘आई’ हा दोन अक्षरांचा शब्द रोमन लिपीत कोणी दोन अक्षरांत, कोणी तीन अक्षरांत लिहितो. विद्यापीठीय तालिका दीर्घ स्वरांवर आडव्या रेघा देते. ‘ज्ञानेश्वरी’ची अवस्था आणखी बिकट आहे. मराठी माणूस ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ करतो, हिंदीभाषक ‘ग्य’ करतो आणि संस्कृताचे विद्वान ‘ज्’ व ‘ञ’ वेगळे दाखवतात. त्यामुळे एकच ग्रंथ रोमन वर्णक्रमात ‘डी’, ‘जी’ आणि ‘जे’ अशा तीन जागी जाऊन बसतो. रायपुरात हा प्रश्न निव्वळ पुस्तकी राहत नाही. १९३५ पासून तेथे कार्यरत असलेले महाराष्ट्र मंडळ संत ज्ञानेश्वरांच्या नावाची शाळा चालवते, आणि त्या नावाचे मराठी व हिंदी असे दोन्ही उच्चार शहरात रोज कानी पडतात.

मग देवनागरीतच नोंद केली की सगळे सुरळीत होईल, असे वाटणे साहजिक आहे. बऱ्याच अंशी ते खरेही आहे. पण देवनागरीच्या आतही अनेक पेच आहेत. पहिला शुद्धलेखनाचा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली लागू झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांची शीर्षके जुन्या वळणाची आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा प्रसिद्ध ग्रंथ मुखपृष्ठावर ‘गांव-गाडा’ असा आहे. आजचा विद्यार्थी ‘गावगाडा’ असे टंकित करील. एक अनुस्वार आणि एक संयोगचिन्ह एवढ्या फरकाने यंत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी पुस्तके होतात. ‘कवि’ आणि ‘कवी’ यांचेही तेच. दुसरा पेच नावांचा. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर या जोड्यांतील प्रत्येक जोडी म्हणजे एकच व्यक्ती आहे हे तालिकेला सांगावे लागते. आपण लेखकाला त्याच्या आद्याक्षरांनी ओळखतो; ‘पु. ल.’ असे शोधणाऱ्या मुलाला ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’ या नोंदीकडे नेणारा निर्देश नसेल तर मराठीतील सर्वांत लाडका लेखक त्या ग्रंथालयात हरवल्यासारखा होईल. जगभरच्या ग्रंथालयांच्या अशा नामनोंदी ‘व्हायाफ’ या आंतरराष्ट्रीय संचात एकत्र मिळतात, आणि त्या पाहायला पैसे पडत नाहीत.

तिसरा पेच डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून तो थोडा जवळून पाहू. पु. लं.चेच ‘वाऱ्यावरची वरात’ हे शीर्षक संगणकावर लिहायचे आहे. त्यातील ‘ऱ्या’ दोन रीतींनी लिहिता येतो. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात खाली टिंब असलेला ‘ऱ’ हे एक स्वतंत्र अक्षर आहे; ते घेऊन त्याला ‘या’ जोडता येतो. किंवा साधा ‘र’, मग हलन्त, मग डोळ्याला न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग ‘या’, अशा क्रमानेही पडद्यावर हुबेहूब तेच अक्षर उमटते. एका ग्रंथपालाने पहिल्या रीतीने नोंद केली आणि विद्यार्थ्याच्या मोबाइलच्या कळफलकाने दुसऱ्या रीतीने शब्द पाठवला, तर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसत असूनही यंत्र ‘नाही’ म्हणते. तिसरा एखादा घाईने ‘वार्यावरची’ असा रफार देऊन मोकळा होतो. याहून जुन्या नोंदी असतील तर दुखणे अधिक खोल असते. पुण्याच्या सी-डॅकने देवनागरीसाठी मोलाचे काम केले आणि १९९१ साली इस्की हा भारतीय अक्षरसंकेत प्रमाण ठरला. तरीही अनेक ठिकाणी नोंदी अशा टंकांत झाल्या की ज्यांत पडद्यावर मराठी अक्षर दिसते आणि आत मात्र रोमन अक्षर साठवलेले असते. अशी तालिका छापून भिंतीवर लावता येते. तिच्यात शोध मात्र घेता येत नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे हाच तिच्यावरचा खरा उपाय.

रायपूरची भाषिक घडण हा या विषयाचा स्थानिक भाग. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगढात आली आणि तिच्याबरोबर मराठी कुटुंबेही आली; शहरातील तात्यापारा हे नाव त्या वस्तीची आठवण देते. हिंदी, छत्तीसगढी, मराठी, ओडिया, सिंधी, पंजाबी, गुजराती, बंगाली आणि तेलुगू अशा घरभाषांची मुले आज येथे एका वर्गात बसतात. २००७ साली छत्तीसगढीला राज्याच्या राजभाषेचा दर्जा मिळाला, आणि अलीकडे प्राथमिक वर्गांसाठी छत्तीसगढी, गोंडी, हलबी आदी भाषांतून वाचनसाहित्यही निघाले आहे. मात्र ते तालिकेत नोंदवताना एक विचित्र अडचण येते. तालिकांत भाषा दर्शवण्यासाठी तीन रोमन अक्षरांचे आंतरराष्ट्रीय संकेत वापरतात. ग्रंथालयांसाठी केलेल्या मूळ यादीत हिंदी, मराठी, स्पॅनिश आणि गोंडी यांनाही स्वतंत्र संकेत आहेत, छत्तीसगढीला नाही. तिचा संकेत आहे तो त्यानंतरच्या, जगातील सर्व भाषांना सामावणाऱ्या मोठ्या यादीत. जुन्या यादीवर विसंबलेली तालिका म्हणूनच छत्तीसगढी पुस्तके हिंदीत ढकलते, आणि ‘छत्तीसगढीतील सर्व पुस्तके दाखवा’ या मुलाच्या साध्या मागणीला उत्तर देऊ शकत नाही. राज्याच्या नावाचेही तसेच. हिंदीत ते नुक्त्यासह ‘छत्तीसगढ़’ असे लिहितात, मराठीत ‘छत्तीसगढ’ किंवा ‘छत्तीसगड’. तिन्ही रूपे तालिकेला ठाऊक असायला हवीत.

मराठी आणि हिंदी यांच्या सीमेवरचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे माधवराव सप्रे. मराठी घरात जन्मलेल्या सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून रामराव चिंचोलकर यांच्यासह ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. त्यांची १९०१ मधील ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदीच्या आरंभीच्या कथांत गणली जाते. समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. आता तालिकेच्या अंगाने पाहा. रायपूरच्या मराठी मुलीने ‘दासबोध’ शोधला तर तिला सप्रे यांचा हिंदी अनुवाद मिळेल. तो अनुवाद आहे आणि मूळ मराठी आहे, हे नोंदीत लिहिलेले नसेल तर तिला ते कळणार नाही. उलट हिंदीभाषक मुलाला ‘गीतारहस्य’ मूळ मराठी आहे याचा पत्ता लागणार नाही. यासाठी तालिकाशास्त्रात ‘समान शीर्षक’ ही योजना आहे. मूळ कृतीचे एक ठरलेले शीर्षक घेऊन तिची सर्व भाषांतरे त्याखाली एकत्र आणायची. गीता, बायबल, पंचतंत्र यांसारख्या ग्रंथांसाठी ती फार उपयोगी पडते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. संगणकीय नोंदीचा जगन्मान्य साचा म्हणजे ‘मार्क’. तो १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अॅव्रम या बाईंनी घडवला. त्यात नोंदीच्या प्रत्येक भागाला तीन आकडी क्रमांक असतो. ‘गांव-गाडा’ची नोंद करताना २४५ या क्षेत्रात मुखपृष्ठावरचे शीर्षक जसेच्या तसे, म्हणजे अनुस्वारासह, लिहायचे, २४६ या क्षेत्रात ‘गावगाडा’ हे आजचे रूप आणि रोमन रूप द्यायचे. मुख्य नोंद रोमनमध्ये असेल तर ८८० या क्षेत्रात तीच माहिती देवनागरीत देऊन दोन्ही एकमेकींना जोडता येते. ०४१ मध्ये पुस्तकाची आणि अनुवाद असल्यास मूळ कृतीची भाषा संकेताने येते, ५४६ मध्ये तीच वाचकाला समजेल अशा वाक्यात. ६५० मध्ये प्रमाण विषयशीर्षक आणि ६५३ मध्ये मुलांच्या तोंडचे मोकळे शब्द. ‘आज भी खरे हैं तालाब’च्या ६५३ मध्ये तलाव, तळे, तालाब, तरिया हे चार शब्द घातले की आरंभी सांगितलेला पेच सुटतो. त्याला एका पुस्तकामागे फार तर दोन मिनिटे लागतात. विषयांचे मराठी पर्याय ठरवताना मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रहाचा खंड हाताशी असावा. त्यामुळे प्रत्येक ग्रंथपालाने आपल्या मनाने नवा शब्द घडवण्याची वेळ येत नाही.

यासाठी लागणारी संगणकप्रणाली महाग नाही. न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालयासाठी १९९९ च्या सुमारास तयार झालेली ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली भारतात सर्वत्र वापरली जाते आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही भारतीय प्रणालीही युनिकोड जाणते. कोहा बसवताना मात्र एक खबरदारी घ्यावी लागते. तिच्या शोधयंत्रणेत अक्षरे तोडण्याच्या दोन पद्धती आहेत आणि देवनागरीसाठी ‘आयसीयू’ नावाची पद्धत निवडावी लागते. ती निवडली नाही तर नोंदी देवनागरीत दिसतात, पण शोधात नीट सापडत नाहीत. शाळेचे संगणक बसवून देणारा तंत्रज्ञ हे आपणहून विचारीत नाही; ते ग्रंथपालानेच सांगावे लागते. जेथे संगणक नाही तेथे जुनी पत्रतालिका आहेच. तिच्या खणात ‘तरिया, पाहा तलाव’ असे एक पत्र घालायला ना वीज लागते ना निधी.

रायपुरात २०१८ साली सुरू झालेला, चोवीस तास उघडा असणारा ‘नालंदा परिसर’ स्पर्धापरीक्षेच्या मुलांनी भरलेला असतो, आणि ही समाधानाची बाब आहे. परंतु अभ्यासिका आणि ग्रंथालय यांची गल्लत होऊ नये. अभ्यासिकेत वाचक आपले पुस्तक सोबत घेऊन येतो. ग्रंथालयात त्याने आपले नसलेले पुस्तक शोधायचे असते, आणि लहान वयातील वाचकाला तर ते आपल्या भाषेच्या शब्दानेच शोधता येते. संविधानाच्या ३५०-अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. शाळेच्या तालिकेत त्या भाषेची अक्षरे असणे ही त्या सोयीचीच एक लहान बाजू होय.

महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबे घरातील जुनी पुस्तके शाळांना आनंदाने देतात. देताना प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी घालावी. तिच्यावर मूळ शीर्षक, त्याचे आजच्या लेखनातील रूप, लेखकाचे पूर्ण नाव व टोपणनाव, आणि पुस्तक कशाबद्दल आहे ते हिंदीत एका ओळीत लिहावे. मराठी न येणाऱ्या ग्रंथपालालाही त्या चिठ्ठीवरून पूर्ण नोंद करता येते. चिठ्ठीविना आलेले पुस्तक बहुधा ‘इतर भाषा’ असे लिहिलेल्या कपाटात जाते.